चौकोन सतरा

विद्यार्थिनी: पाणी नको, सर. आधी दार लावून घ्या.

सर: अगं, मुलं हॉलमध्ये खोळंबलीत. गणित शिकून कुठे कुठे नोकरी मिळते, बँक, विमा, हवामान खातं, मास्तरकी, सगळं सांग त्यांना. आणि शेवटी तुझी नोकरी. आपली विद्यार्थिनी धरणाच्या कचेरीत गणित करते, असं गावभर सांगत सुटलोय मी.

विद्यार्थिनी: तेवढं नका सांगू कुणाला.

सर: का? नोकरी सुटली की काय?

विद्यार्थिनी: नाही. निमंत्रणासोबत कॉलेजच्या नव्या जागेचा नकाशा पाठवलात ना? तो उघडला आणि मी हादरले.

सर: माझी चित्रकला इतकी वाईट नाही.

विद्यार्थिनी: सर, आमच्या कचेरीच्या नकाशावर या जागेला चौकोन सतरा म्हणतात. धरणाच्या भिंतीवर ताण आला की डावा दरवाजा उघडायचा, शहर वाचतं. पाणी कुठे शिरेल ते मी काढलं. सतराच्या पुढे लिहिलं, हानी नगण्य.

सर: कशाच्या तुलनेत नगण्य? ते लिहायचं असतं. घसा कोरडा केला होता मी त्यावर.

विद्यार्थिनी: शहराच्या.

सर: आणि इथली माणसं किती धरलीस?

विद्यार्थिनी: यादी जुनी होती. तिच्यात बारा घरं आहेत आणि मोकळं मैदान. कॉलेज नाहीच. मी येऊन बघायला हवं होतं.

सर: हवंच होतं. दरवाजा कधी उघडणार?

विद्यार्थिनी: गुरुवारी. सकाळी साहेबांना तुमचा नकाशा दाखवला. म्हणाले, सह्या झाल्यात, उगाच घबराट नको. पण येताना पुलावरून बघितलं, धरणात पाणी धोक्याच्या लाल खुणेच्या वर आहे. मला भीती वाटते, सर. साहेब दरवाजा उघडायला गुरुवारपर्यंत थांबणार नाहीत.

मावशी (दार ढकलून): सर, पोरं कंटाळली. आणि मागचा नाला का हो फुगलाय? इथे तर चार दिवसांत पावसाचा थेंब नाही.

सर: मावशी, हॉलमध्ये किती जण आहेत?

मावशी: कोण मोजतंय? खुर्च्या संपल्या, निम्मी खाली बसलीत. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, गणित शिकून काय काय होता येतं.

विद्यार्थिनी: काय सांगू मी त्यांना, सर?

सर: ते सगळ्यांना टेकडीवर नेल्यावर सांग. आत्ता दारात उभी राहा आणि एकेक डोकं मोज.