एकेरी चादर

आजी : तुमचा अठरावा प्रश्न थांबू द्या बाई. आधी माझ्या एकाचं उत्तर द्या. माझी लेक तिकडे परदेशात झोपते कुठे?

संशोधक : आजी, तिची मुलाखत मी तिकडे जाऊन घेतली, तुमची इथे घेतेय. एकीचं दुसरीला सांगायचं नाही, असा आमच्या संशोधनाचा नियम आहे.

आजी : आमच्याही घरात तोच आहे. तीन वर्षं ती मला खरं सांगत नाही, मी तिला सांगत नाही. त्यासाठी विद्यापीठ लागलं नाही.

संशोधक : प्रश्न अठरा. नातीच्या खाण्यात, झोपेत अलीकडे काही बदल?

आजी : झोपेत आहे. आधी अख्खी गादी भिंगरीची असायची, मी काठावर. आता महिनाभर मुटकुळं करून झोपते, गुडघे हनुवटीला. दोनदा जंताचं औषध पाजलं. फरक नाही.

संशोधक : म्हणजे स्थलांतरपूर्व ताण.

आजी : जंत लिहा.

संशोधक : बरं. लिहिलं, जंत.

आजी : मघाशी ‘सांभाळ कोण करतं’ विचारलंत, तेव्हा मला ‘इतर’मध्ये टाकलंत. अकरा वर्षांची झाली पोर. असो. शुक्रवारी तिचं विमान आहे आणि तिला आईकडे पाठवायच्या या संमतीपत्रावर ‘इतर’चीच सही लागते. लेक सांगते, म्हाताऱ्याची शुश्रूषा करते त्याच घरात तिला स्वतंत्र खोली आहे, खिडकी आहे, पोरीला आणायला मालक हो म्हणाले. तुम्ही ती खोली पाहिलीत ना?

संशोधक : मी लेखी शब्द दिलाय, आजी. तुमच्या लेकीलाच दिलाय.

आजी : मग नका मोडू. सामानाचं तर विचारू? वजन मोजून न्यायचं असतं. पलंगाची मोठी चादर देऊ, की एकेरी?

(संशोधक पेनाला टोपण लावते, काढते, पुन्हा लावते.)

संशोधक : एकेरी.

आजी : रुंदीला?

संशोधक : आजी, नका ना.

आजी : रुंदीला, बाई.

संशोधक : दुमडून अर्धी केली तरी पुरेल.

आजी : समजलं. तो संमतीचा कागद घेऊन जा तुमच्या पिशवीत. पाठकोरा आहे, उपयोगी पडेल. भिंगरे, बॅगेतले कपडे काढ बाहेर.

भिंगरी : आजी, सही कर.

आजी : दाराआड होतीस का गं?

भिंगरी : मला आधीच माहितीये. आई फोनवर बोलते तेव्हा तिच्या मागे नेहमी त्या म्हाताऱ्यांचे कोट असतात, छत्र्या असतात. झोपायच्या खोलीत कोण छत्र्या ठेवतं? ती बाहेरच्या दाराशी झोपते, घरातल्या बोळात.

आजी : आणि मला बोलली नाहीस?

भिंगरी : आपल्या घरात नियम आहे ना.

आजी : अगं, एका माणसाच्या खाटेवर तुम्ही दोघी मावणार कशा?

भिंगरी : मावतो. गुडघे असे वर घेतले की मला अर्धी गादी पुरते. रोज करून बघते. मला जंत नव्हते, आजी.

आजी : ...बाई, अठराव्यातले जंत खोडा. आणि पेन इकडे द्या.