मोठ्या मापाची कप्पी बसवल्याबाबत

जबाब देणार : फिर्यादीची पत्नी. वय : ६१ वर्षे. धंदा : बोटींची शिडे शिवणे व दुरुस्त करणे. राहणार : धक्क्यामागची गल्ली, घड्याळदुरुस्तीच्या बंद दुकानावरचा पहिला मजला.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. खालचे दुकान त्यांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केले. डोळे थकले, असे गिऱ्हाइकांना सांगितले. त्यांचे डोळे उत्तम आहेत. मी स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा हलवला तरी त्यांना बाहेरच्या खोलीतून दिसते. दुखतात ती बोटे. हे मला कळले आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि घरात तो विषय निघत नाही.

आमची एक छोटी शिडाची बोट आहे. पती रोज सकाळी एकटेच तिच्यावर जातात. ते नाकावर माशी बसू देत नाहीत. मागच्या हंगामात त्यांनी धक्क्यावर चारचौघांत जाहीर केले की, शीड चढवायला ज्या दिवशी दुसऱ्याचा हात लागेल, त्या दिवशी बोट विकून टाकीन. ते बोलले की करतात. दुकान बंद झाल्यावर ते सहा महिने खिडकीत बसून होते. मला त्यांना पुन्हा त्या खिडकीत बघायचे नव्हते. म्हणून पुढील प्रकार मी केला.

महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या मनगटावर मला काळानिळा वळ दिसला. विचारले तर म्हणाले, "दारात सापडला गं." दारात सापडलेल्या हाताला बांगडीसारखा गोल वळ उठत नाही. दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर जाऊन लांबून पाहिले. शिडाचा दोर मुठीत टिकत नसल्याने ते तो मनगटाला गुंडाळून ओढत होते. वाऱ्याचा झटका आला तर अशाने मनगट मोडते. त्या दिवशी मी परत येऊन एकही टाका घातला नाही.

दोर आठ मिलिमीटर जाडीचा होता. शिडाचा ताण सोसायला तेवढा पुष्कळ झाला, पण दुखऱ्या मुठीला बारीक पडतो. मी शिवणाच्या खोलीत आठ, दहा आणि बारा मिलिमीटरचे तुकडे आणून ठेवले. दुपारी शिवताना "अहो, जरा हे धरा, घट्ट" म्हणून एकेक त्यांच्या हातात दिला आणि दुसरे टोक ओढले. आठचा लगेच सुटला. दहाचा तिसऱ्या ओढीला सुटला. बाराचा टिकला. ते म्हणाले, "काय चाललंय तुझं?" मी म्हटले, "शिवण ताणून बघतेय." मी त्यांच्याशी खोटे बोलले हे कबूल करते.

बाराचा दोर जुन्या कप्पीत बसेना. हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून खुलासा करते की, कप्पी म्हणजे डोलकाठीच्या टोकाला टांगलेले चाक. दोर त्यावरून वळतो आणि शीड वर जाते. मी जुन्या कप्पीला बाहेरून टेप लावली आणि तिच्यापेक्षा बोटभर लांब कप्पी घेऊन आले. ती चुकली. बोटींच्या सामानाच्या दुकानदाराने मला हसून परत पाठवले नाही एवढेच. तो म्हणाला, "काकू, तुम्ही डबा मोजलात, आतलं चाक मोजायचं. चाक दोराच्या जाडीच्या निदान सहापट हवं, नाहीतर दोर वळताना मोडतो. आणि खाच दोरापेक्षा थोडी रुंद घ्या, खारं पाणी प्यायला की दोर फुगतो." दोर वर जाऊन तिथूनच खाली वळत असल्याने कप्पीवर जवळजवळ दुप्पट भार येतो, हेही त्यानेच सांगितले. त्याप्रमाणे मी पंचाहत्तर मिलिमीटर चाकाची, दुप्पट भार सोसणारी कप्पी घेतली. जुनीचे चाक पन्नासचे आहे. ती मी आज पिशवीतून आणून टेबलावर ठेवली आहे. ती चोरीला गेलेली नाही.

डोलकाठी आडवी केल्याशिवाय कप्पी बदलता येत नाही आणि ते एकटीचे काम नाही. म्हणून काल दुपारी तीन वाजता, पती दाढी-कटिंगला गेलेले असताना, मी शेजारच्या बोटीचे मालक, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, यांना बोलावले. मास्तर व पती तीस वर्षांचे दोस्त. पण तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांनी "दोर मी ओढू का रे?" असे विचारल्यापासून पती त्यांच्याशी बोलत नाहीत. मास्तरांनी डोलकाठी उतरवली, मी कप्पी बदलून तिच्यात बाराचा दोर ओवला, आणि त्यांनी ती पुन्हा उभी केली. मी त्यांच्याकडून वचन घेतले की, यातले अक्षर बाहेर जाणार नाही. ते म्हणाले, "वहिनी, मी काही पाहिलंच नाही."

आज सकाळी साडेसातला पती बोटीवर गेले. त्यांच्या फिर्यादीत असे लिहिले आहे की, दोर हाताला जाड लागला व शीड नेहमीपेक्षा लवकर चढले, त्यावरून संशय आला. जुनी चोरून नवी बसवणाऱ्या चोराची ही या ठाण्यातली पहिलीच फिर्याद असावी. त्यांना वाटले, मास्तरांनी कीव करून हे केले. त्यांनी तसे नाव घेतले. मास्तरांना साडेनऊला इथे आणले, आणि सव्वाअकरापर्यंत ते तोंडात मिठाची गुळणी धरून बाकावर बसून राहिले. मी येऊन पाहिले तेव्हा ते भिंतीवरचा तक्ता वाचत होते. मला बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली. असा माणूस चोर नसतो. जे केले ते मी केले, आणि नवऱ्याच्या हातांसाठी केले. मास्तरांना सोडावे.

इथवर लिहून झाल्यावर हवालदारसाहेबांनी पतींना व मास्तरांना आत बोलावून जबाब मोठ्याने वाचला. बोटांबद्दलची वाक्ये गाळा, असे मी सांगितले होते. ती गाळता येत नाहीत, असे ते म्हणाले. वाचन चालू असताना पती माझ्याकडे पाहत नव्हते. ते टेबलावरच्या जुन्या कप्पीचे चाक अंगठ्याने फिरवत होते. मला वाटले, आता बोट गेली.

वाचन संपल्यावर फिर्यादीबाबत काय, असे त्यांना विचारले. ते मला म्हणाले, "तू दुपारी मोजलंस."

मी म्हटले, "म्हणजे?"

"दुपारी बोटं बरी असतात. सकाळी मूठच मिटत नाही. तू उठायच्या आधी गरम पाण्यात हात घालून बसतो, तेव्हा चहाचा कप धरता येतो. आजही शेवटचा दोन हात दोर मनगटाला गुंडाळूनच ओढला. बारा नाही पुरणार. चौदा लागेल." मग हवालदारसाहेबांना म्हणाले, "फिर्याद मागे. आणि हे लिहून घ्या, हिच्या जबाबात."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढून चौदा सक चौऱ्याऐंशी असा हिशेब फिर्यादीच्या कोऱ्या बाजूवर केला. पती म्हणाले, "नव्वदचं घेऊ. आणि उद्या सकाळी सातला ये. मी एकटा नाही ओढणार." मास्तर बरे म्हणाले.

पती सकाळी गरम पाण्यात हात घालून बसतात हे मला माहीत नव्हते. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षे झाली. उद्यापासून पाणी मी तापवीन.

वरचा जबाब मी, माझे पती व मास्तर अशा तिघांनी मिळून ऐकला. दोर दुपारी मोजला ही माझी चूक सोडली, तर बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही : जबाब देणार. शेजारी फिर्यादीची सही, त्यांनी स्वतःच्या हाताने, सावकाश केलेली.