ताक प्यालेली माती

रंगराव : आणि मग माती हळूच वर आली बघ. झोपलेल्या माणसाचं पोट वर येतं ना, तशी. श्वास घेत होती.

कल्याणी : वस्ताद, स्वप्न नंतर सांगा, आधी उठा. भरदुपारी कुस्तीच्या हौद्यात असे आडवे पडता, कुणी पाहिलं तर वस्ताद गेले म्हणून कसबा पेठभर होईल.

रंगराव : होऊ दे. तेवढीच चार माणसं तालमीत येतील. चपला काढल्यास का?

कल्याणी : दारातच काढल्या. हिंजवडीहून हाफ डे टाकून आलेय मी. देवस्थानच्या ट्रस्टींचा फोन होता, भाडं पोचलं नाही म्हणाले.

रंगराव : कुठून पोचेल?

कल्याणी : म्हणजे? गेल्या बुधवारी तुमच्या हातात पाकीट दिलं होतं. आज पाचपर्यंत भरलं नाही तर तालमीची किल्ली मागतायत. दुचाक्या लावायच्यात त्यांना इथे. चाळीस बसतील म्हणाले.

रंगराव : चाळीस नाही बसायच्या. तीस. माझ्याही कानावर आलंय; काल पडल्या पडल्या मी मनात लावून पाहिल्या.

कल्याणी : वस्ताद, पाकीट कुठाय?

रंगराव : तू त्याच्यावरच उभी आहेस.

(कल्याणी खाली बघते. वरच्या झरोक्यातून आलेलं ऊन मातीवर पडलेलं आहे.)

कल्याणी : ही माती नवी आहे.

रंगराव : मुळशीकडची. दोन टेम्पो आणली, चाळून घेतली. मग ताक पाजलं, गोडं तेल, हळद, लिंबं, कापूर. पोरं तीन दिवस कालवत होती. नऊ वर्षांत तिला काही घातलं नव्हतं आपण. फरशी झाली होती तिची. वरद पडला आणि हात मोडून घेतला, तो काय उगाच?

कल्याणी : पाच पोरं तालमीत. त्यातला एक प्लॅस्टरमध्ये. एकाकडून फी नाही. आणि तुम्ही भाड्याची माती करून बसलात!

रंगराव : फी घेतली की चुकलेल्याला चुकलास म्हणता येत नाही.

कल्याणी : पलीकडच्या गल्लीतले कराटेवाले घेतात.

रंगराव : म्हणून त्यांचं कुणी चुकत नाही.

कल्याणी : ते पैसे कुणाचे होते, ठाऊक आहे?

रंगराव : तुझ्या पगारातले. दरवेळी असतात तसे.

कल्याणी : नव्हते. या वेळी माझ्याकडेही नव्हते. अभय म्हणून एकजण लग्नाचे इव्हेंट करतो, त्याचा अ‍ॅडव्हान्स होता. रविवारी मुंढव्याच्या लॉनवर लग्न आहे. नवरदेवापुढे लाठी आणि दांडपट्टा खेळणारे सहाजण हवेत.

रंगराव : जेवणाऱ्यांपुढे?

कल्याणी : जेवणाऱ्यांपुढे. आधी सांगितलं असतं तर पाकीट फेकून दिलं असतंत. म्हणून नाही सांगितलं.

रंगराव : या तालमीतला पट्टा दसऱ्याला निघतो, मारुतीपुढे. माझ्या वस्तादांनी सर्कशीच्या मॅनेजरला दारातून परत पाठवलं होतं.

कल्याणी : तुमच्या वस्तादांना लाइटबिल येत नव्हतं.

रंगराव : नव्हतं. कंदील होता.

कल्याणी : मग नाही म्हणून कळवू त्याला? पैसे परत करायचे तर ही माती उकरून मुळशीला न्यावी लागेल.

रंगराव : ताक प्यालेली माती कोण परत घेतं?

कल्याणी : हसू नका हो. मी इथली पहिली मुलगी. बाहेर बायका नाकं मुरडत उभ्या होत्या, आणि तुम्ही नुसतं म्हणालात, केस घट्ट बांध. ऑफिसात दिवसभर मला सगळे मॅडम म्हणतात. इथे आले की मला माझा हात, माझा पाय कुठे आहे ते कळतं. इथे स्कूटर उभ्या राहिल्या तर मी कुठे जाऊ?

रंगराव : बस जरा. बस म्हणतो ना. तळवा टेकव.

कल्याणी : गार आहे.

रंगराव : आत. वर ऊन, आत गार. स्वप्नात माझे वस्ताद यावरून चालत होते, आणि पाऊल उमटत नव्हतं. मी म्हटलं, वस्ताद, अहो, पाऊल टाका की. तर म्हणाले, मला कशाला विचारतोस, आता माती तुझी आहे.

कल्याणी : कापराचा वास येतोय. डोळे मिटतायत माझे.

रंगराव : मिटू देत.

कल्याणी : नको. साडेतीन झाले. सहाजण नक्की, एवढं कळवलं की अभय उरलेले पैसे आत्ता थेट ट्रस्टला पाठवेल. मी बोललेय त्याच्याशी.

रंगराव : सहा कुठले? वरद प्लॅस्टरमध्ये, राहिली चार पोरं. तू पाचवी.

कल्याणी : हो. पाचच.

रंगराव : असं बघू नकोस माझ्याकडे. एकाहत्तर पूर्ण झाली मला.

कल्याणी : फेट्यात कळणार नाही.

रंगराव : गुडघ्यात कळतं ना. त्याला फेटा बांधतेस का?

कल्याणी : नाही म्हणालात तरी चालेल, वस्ताद. मी रागावणार नाही.

रंगराव : तुझं रागावणं परवडलं असतं. घोडा असेल का गं नवरदेवाला? पट्ट्यापुढे बुजतो तो.

कल्याणी : घोडा नाही. उघडी गाडी आहे.

रंगराव : बरं. कळव मग, सहा म्हणून. आणि त्यांना म्हणावं, पट्टा फिरेल तेवढा वेळ बँड थांबवा. त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे.