पलंगाखालचं राज्य

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारी दोन म्हाताऱ्या बहिणी. थोरलीच्या डोळ्यात थेंब घातलेले, आता ऑपरेशनला न्यायचं होतं.

“ताई, लहानपणी पलंगाखाली रचलेलं राज्य आता तरी माझ्या नावावर कर.”

“का गं? मी काय मेले की काय? राणी मीच.”

“साठ वर्षं झाली, मी अजून ढगांच्या वेण्याच घालतेय!”

“त्याही धड नाहीत. सुटतात, म्हणून तर पाऊस पडतो.”

“आणि जिना चढणारी नदी?”

“तिचे गुडघे गेले. तिसऱ्या पायरीवर बसलीय.”

“मला कुणी कळवलं नाही ते!”

“लग्न करून गेलीस ना? हद्दपार आहेस तू.”

“मग तू आत असताना राज्याकडे कोण बघणार?”

तेवढ्यात सिस्टरनं हाक मारली. थोरलीनं चाचपडत धाकटीचा हात धरला.

“बरं, तू बघ. पण सिंहासनावर बसायचं नाही, नुसतं टेकायचं. अर्ध्या तासात येते.”

दार लागलं. धाकटी बाकाच्या अगदी कडेला टेकली.

शिंपीणबाई जवळ सरकल्या. “बाई, तुमच्या राज्यात शिवणकामाला कुणी आहे का हो?”

“ते राणीला विचारावं लागेल,” धाकटी दाराकडे बघत म्हणाली. “येईलच ती.”