डायलिसिसच्या खोलीतला पियानो

तुम्ही विचारता ना, बारामतीला आबांचं डायलिसिस चालू असताना आम्ही बापलेक करतो काय? मी मोबाइलवर एक जुना पियानो कॉन्चेर्टो लावतो. परवा आबांनी एक इअरफोन मागून घेतला.

"कोण वाजवतंय?"

"परदेशातली बाई हाय, आबा. लई नावाजलेली. मागं व्हायोलिनवाल्यांचा सगळा ताफा हाय."

"वय?"

"तुमच्याएवढंच. ऐंशीच्या पुढं."

त्या सकाळीच आबा म्हणाले होते, आता पुरं हे डायलिसिस, मला गावी कळसलाच राहू दे. तरी मी त्यांना घेऊन आलो होतो. मीही थकलो होतो.

मध्येच पियानो थांबला, नुसती व्हायोलिनं वाजत राहिली.

"दमली का?"

"न्हाय, आबा. पुढं परत वाजवायचं हाय तिला."

आबांनी डोळे मिटले.

"मग बसू दे तिला निवांत. मी बी हाय हितंच."