हारीच्या रकान्यातली सुमन

अरे, परवाचंच सांगतो. इथे सिंगापूरला, हौगांगच्या घरी आमची ईरा शाळेचा प्रोजेक्ट करत होती. विषय काय, तर शंभर वर्षांपूर्वी अमेरिकन कॉलेजात फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही शिकवणारा एक कोच. त्याच्या सगळ्या आयुष्याचे रकाने दोनच, जीत आणि हार.

"आजोबापण कोच होते ना? आस्क हिम लाह!"

माझे वडील साताऱ्याला शाळेत मुलींना खो-खो शिकवायचे. व्हिडिओ कॉल लावला. ईराने त्यांनाही तेच दोन रकाने विचारले.

ते म्हणाले, "जीत मी मोजली नाही, बाळा. हारीत एक लिही. घोटा सुजलेला असताना सुमनला मी फायनलला उतरवलं. अजून लंगडते ती."

मी विचारलं, "म्हणजे फायनल हरलात?"

"नाही रे. जिंकलो."