तोंडात पाणी धरून आणलेली मुळी

ऐका. आणि तो कंदील जरा बारीक करा, डोळ्यांत घुसतोय. कुशे, दात काढू नकोस. ही हसायची गोष्ट नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांची. परसात माझा दवाखानाच होता म्हणा ना! अडुळसा, वेखंड, ओवा, गवती चहा, कुंपणावर गुळवेल. कुणाला खोकला झाला की माझंच दार. पण एक मुळी काही परसात जगेना. तीनदा लावली, तीनदा जळाली. ती यायची फक्त उंबरघळीत. नाव विचारू नका. नाव घेतलं की गुण जातो.

आणि माझीच पोर, तानी, चार वर्षांची, तापानं फणफणली. ओढ्याला पूर, डाक्टर पलीकडं. होता नव्हता तो पाला उकळून पाजला. काही उपयोग नाही! मालक म्हणाले, "धुरपे, घळीतली मुळी आण. मी पोरीपाशी बसतो."

त्या मुळीची रीत मोठी कडक. सांजेला हळदतांदूळ वाहून झाडाला आवतण द्यायचं. कोंबडा आरवायच्या आत उपटायची. आणि घरी येईपर्यंत बोलायचं नाही. एक शब्द नाही! बोललं की ती मुळी नाही, सरपण. म्हणून मी तोंडात पाण्याची चूळ धरायची.

सांजेला आवतण देऊन आले. मध्यरात्र उलटल्यावर पुन्हा निघाले. एकटी. मुळी उपटली, मुठीत धरली, झऱ्याची चूळ भरली आणि फिरले.

दहा पावलं झाली नाहीत, तर मागून म्हातारा आवाज. "बाई, गावाची वाट कुठली?"

चालत राहिले. पावलं माझ्या मागं. मी थांबले की थांबायची! मग पदर अडकला. म्हटलं बाभळ असेल, सोडवायला हात घातला. बाभळीला बोटं असतात का गं? सांगा ना! थंडगार बोटं. किंकाळी घशापर्यंत आली. गाल गच्च दाबले, पदर हिसकला, सुटले.

वेशीतला दिवा दिसला. वाटलं, पोचले. तेवढ्यात समोरून मालकांचा आवाज. रडका.

"धुरपे, आता घाई करू नकोस. आपली तानी गेली."

आईनं काय करायचं, तुम्हीच सांगा!

"तानेऽऽ!"

चूळ पायावर सांडली. समोर कुणीच नाही. मागं खुदकन हसलं, आणि पदराला धरून मला घळीकडं ओढायला लागलं. लुगडं टरकलं म्हणून वाचले. अर्धं तिथंच टाकून पळाले.

घरात शिरले, तर तानी जिवंत! मालक जागचे हललेसुद्धा नव्हते. त्यांनी सहाण पुढं केली. "वाटेत बोलली नाहीस ना?"

मी नाही म्हणून मान हलवली. काय करणार होते? त्या झाडाला आवतण एकदाच देता येतं. मुळी उगाळली. पोरीला चाटवली. तिनं बोट चाटलं, आणि मला ठाऊक होतं मी काय देतेय.

उन्हं वर यायच्या आत तानी गेली.

मालक मरेपर्यंत म्हणायचे, "तू सगळं रीतीनं केलंस, देवानंच ऐकलं नाही." खरं काय ते आज पहिल्यांदा सांगतेय.

तर पोरींनो, उंबरघळीच्या वाटेला जाऊ नका. दिवसासुद्धा नको. आणि अंधारात कुणी सांगितलंच की तुमचं माणूस गेलं, तर आधी घर गाठा. रडायला सगळा जन्म पडलाय.